रोबर्टा फ्लॅक यांची संथ लय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन गायिका रोबर्टा फ्लॅक यांच्याविषयी पुरवण्यांतून लिहून येते तेव्हा बहुधा 'हळुवार प्रेमगीतांची गायिका' एवढ्यावर विषय मिटतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या मुळात पियानोवादक होत्या, आणि गाण्यातला तो हळुवारपणा पियानोवर बसूनच घडला.

जन्म १९३७चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटनचा. पंधराव्या वर्षी त्या शिष्यवृत्तीवर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. वडील वारल्यावर पुढचे शिक्षण सोडून त्यांनी शाळेत नोकरी धरली. नंतर वॉशिंग्टनमध्ये दिवसा शिकवायचे आणि रात्री एका रेस्तराँमध्ये ऑपेरा गायकांना साथ करायची, असे चालले. साथ करणाऱ्याला गायकाचा श्वास कुठे संपणार हे आधीच कळावे लागते. पुढे त्यांनी हेच कान स्वतःच्या गाण्याला लावले.

'मिस्टर हेन्रीज' या क्लबमध्ये त्या गात असताना पियानोवादक लेस मॅकॅन यांनी त्यांना ऐकले आणि त्यांच्या खटपटीने अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे दार उघडले. 'फर्स्ट टेक' हा पहिला अल्बम फेब्रुवारी १९६९मध्ये अवघ्या दहा तासांत ध्वनिमुद्रित झाला. गाणी क्लबमध्ये रोज गाऊन पक्की झाली होती म्हणूनच ते जमले. बेसवर रॉन कार्टर होते, गिटारवर बकी पिझारेली.

त्यातले 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' हे मुळात इवान मॅकॉल यांचे लोकगीताच्या वळणाचे गाणे. आधीचे गायक ते बरेच जलद गात. फ्लॅक यांनी ते ५ मिनिटे २२ सेकंदांपर्यंत नेले. अभिनेते-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड यांनी १९७१च्या आपल्या चित्रपटासाठी ते मागितले तेव्हा खुद्द फ्लॅक यांना ते फार संथ वाटत होते, पुन्हा जरा जलद गावे असे त्यांच्या मनात होते. ईस्टवूड यांनी आहे तसेच वापरले. १९७२मध्ये ते अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

हे गाणे गाऊ पाहणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडखळतात. ओळ संपली की पुढच्या शांततेची भीती वाटते, मग तिथे हरकती येतात किंवा वादक ती जागा भरून टाकतो. लय इतकी संथ असते की दोन मात्रांमधले अंतर मनात धरता येत नाही आणि गाणे नकळत पुढे पळू लागते. प्रत्येक मात्रेचे मनात दोन भाग मोजले की ते आवरते. दुसरी चूक श्वासाची. छातीच्या वरच्या भागातून घेतलेला श्वास लांब स्वराला पुरत नाही आणि शेवटी सूर उतरतो. सराव आवाज बारीक ठेवूनच करावा. जोर लावला की श्वास लवकर संपतो.

'किलिंग मी सॉफ्टली' लोरी लिबरमन यांनी आधी गायले होते. विमानप्रवासात ते कानावर पडल्यावर फ्लॅक यांनी त्यातले काही कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलले आणि मायनरमधल्या, म्हणजे उदास छटेच्या, त्या गाण्याचा शेवट उजळ वाटणाऱ्या मेजर कॉर्डवर केला. 'द फर्स्ट टाइम' आणि हे, अशी दोन्ही गाणी १९७३ आणि १९७४मध्ये लागोपाठ 'रेकॉर्ड ऑफ द इयर' ग्रॅमीची मानकरी ठरली. सलग दोनदा हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. १९७५च्या अल्बमच्या निर्मात्या म्हणून 'रुबिना फ्लेक' असे नाव छापलेले आहे. त्याही फ्लॅकच!

फेब्रुवारी २०२५मध्ये त्या गेल्या. नव्या श्रोत्यांना आपण सुटी गाणी सुचवता, त्याऐवजी 'फर्स्ट टेक' सुचवावा, तोही पहिल्या 'कम्पेअर्ड टू व्हॉट'पासून. त्यात संताप आहे, जॅझची झुलती लय आहे आणि पियानोवरची त्यांची हुकमत आहे. त्यानंतर १९७२चा गायक डॉनी हॅथवे यांच्याबरोबरचा युगुलगीतांचा अल्बम ऐकावा, आणि 'किलिंग मी सॉफ्टली' त्याच्याही नंतर.

आपला,
एक वाचक