पंखा बंद केल्याबद्दल

म्हापशाच्या बाजारातल्या अँप्लिफायरवाल्या काकांना,

सा. न.

काका, तुमचा फोन अजून बटनांचा, तेव्हा हे तुमचा पुतण्याच वाचून दाखवेल. दुकानात नको, घरी वाचायला सांगा.

मला घुमटाच्या, म्हणजे आपल्या त्या कातडं ताणलेल्या मातीच्या वाद्याच्या, ठोक्यातून एक खरखरीत, फाटका बेस काढायचा होता. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, छानच झालं. पण ते लॅपटॉपमध्ये घालून फाडायचं म्हटलं की लोक असे बघतात, जणू मी पालखीला लाथ मारली. लॅपटॉपवर संगीत करायला शिकवणाऱ्या ज्या क्लासात मी वर्षभराची बचत ओतली, तिथल्या सरांनी अर्धं मिनिट ऐकून सांगितलं, "क्लिप होतंय, लाल दिवा बघ." म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन छाटला जातोय. अहो सर, क्लिपच तर करायचं होतं! मित्रांनी प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग्ज, पाठवले. एकाने बिटक्रशर, म्हणजे आवाज मुद्दाम ओबडधोबड करणारं साधन, लावून आवाज मोजायच्या सोळा बिटांच्या ६५,५३६ पायऱ्यांच्या आठ बिटांच्या २५६ करून दिल्या. खरखर आली, पण प्लास्टिकची पिशवी चुरगळल्यासारखी, आणि ठोका कुठल्या कुठे बुडाला.

तुमच्याकडे मी आले ती फक्त स्पीकर दुरुस्त करायला. तुम्ही विचारलंत, "बाय, यावर वाजवत काय होतीस?" लाजत लाजत लावलं.

आणि तुम्ही उठून पंखा बंद केलात.

मे महिन्याची दुपार, वर पत्रा, बनियन पाठीला चिकटलेला. पंख्याच्या घरघरीत माझी घरघर नीट ऐकू येईना, म्हणून बंद. मिक्सर घेऊन दारात आलेल्या बाईंना नुसत्या हाताने थांबवलंत. चष्मा काढून, डोळे मिटून तीनदा ऐकलंत. चार महिन्यांत माझा तो तुकडा शेवटपर्यंत ऐकणारे तुम्ही पहिले. खोटं कशाला सांगू, रडू आलं होतं. घाम पुसते असं दाखवलं.

मग म्हणालात, "फाड की. पण सगळाच कशाला फाडतेस? खालचा अख्खा ठेव."

जत्रेच्या नाटकांत आवाज फाटू नये म्हणून ज्याने जन्म घालवला, त्याच्याइतकं फाटणं कोणाला कळणार! बिलाच्या मागे तुम्ही एक लाट काढलीत. मशीनला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या वर ती जाऊ शकत नाही, मग तिचं डोकं सपाट होतं, आणि त्या सपाटीतूनच मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर उगवतात. जुन्या अँप्लिफायरमधला काचेचा व्हॉल्व्ह ते डोकं हळूहळू दाबतो, नव्यातला ट्रान्झिस्टर कोयत्याने छाटतो. खर्ज आणि वरची थाप एकत्र छाटली की दोघांच्या मिसळणीतून भलतेच स्वर निघतात आणि चिखल होतो. माझा नेमका तोच चिखल होता. वर्षभराच्या फीमध्ये हे एवढं बसत नव्हतं का?

मी तुम्हाला त्या ३०३ ची गोष्ट सांगितली, आठवते? हणजुणेच्या किनाऱ्यावर ज्या किंचाळत्या आवाजावर लोक रात्रभर नाचले, तो रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा. १९८१ मध्ये गिटारवाल्यांना बेसची साथ म्हणून आलं, कुणाला पटलं नाही, १९८४ मध्ये बंद. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं म्हणून पोरांनी घेतलं आणि बटणं भलतीकडे पिळली. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मोडीतलंच की!" आणि माळ्यावरून तो फाटक्या कोनचा स्पीकर काढलात. वरची थाप त्यातून वाजवली, मी समोर फोन धरून रेकॉर्ड केली. झालं. चार महिने जे शोधत होते ते तुमच्या माळ्यावर धूळ खात होतं.

बिल फक्त दुरुस्तीचं घेतलंत. शिकवल्याचे किती, विचारलं तर पंखा परत लावत म्हणालात, "तू माझी वीज वाचवलीस की!" तुमच्यासारखी माणसं बोर्डावर काही लिहीत नाहीत, म्हणून आमच्यासारखे आधी भलत्याच दारांत पैसे भरून येतात.

रेकॉर्डिंगमध्ये बाहेरच्या कंडक्टरचं "पणजी, पणजी" शिरलंय. मैत्रीण म्हणते काढ. मी ठेवलंय.

फाटका स्पीकर जत्रेआधी परत आणून देते. बिलामागची लाट मात्र मिळणार नाही.

तुमची,
घुमटवाली बाय