पैज दोघंही हरलो

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. हे पत्र म्हणजे एक जुनं देणं आहे. जानेवारी २०१७ मध्ये रिआल माद्रिदनं नॉर्वेच्या अठरा वर्षांच्या फुटबॉलपटूला, मार्टिन ओडेगार्डला, हॉलंडमध्ये लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाला उसना पाठवलं, त्या रात्री तू फोन केला होतास. "संपलं तुझं पोरगं," एवढंच म्हणालास आणि हसलास. मी चिडून म्हणालो, पंचविशीच्या आत हा माद्रिदचा दहा नंबर, म्हणजे हल्ला रचणारा मुख्य खेळाडू, होतो की नाही बघ. हरेल त्यानं दुसऱ्याला हातानं चार पानी पत्र लिहायचं, अशी पैज लागली. आता हिशेब बघ. पोरगं संपलं नाही, म्हणजे तू हरलास. माद्रिदचं झालं नाही, म्हणजे मीही हरलो. तू पेन उचलणार नाहीस हे इतक्या वर्षांच्या अनुभवानं ठाऊक आहे, म्हणून सुरुवात मी करतो.

खरं सांगू का, पैजेपेक्षा दुसरीच गोष्ट डोक्यात बसली आहे. गेल्या आठवड्यात त्याचे व्हिटेसे या डच क्लबाच्या दिवसांतले जुने सामने शोधून बघत होतो (हो, अजून तेच धंदे चालू आहेत). बघता बघता लक्षात आलं की आपण त्याच्यावरून तासन्‌तास भांडलो, पण तेव्हा तुझ्या-माझ्यापैकी कुणीही त्याला सलग नव्वद मिनिटं खेळताना पाहिलेलं नव्हतं. तीन-तीन मिनिटांच्या क्लिपा पाहिल्या होत्या आणि वय पाठ केलं होतं.

वय तर तेव्हा सगळ्यांनीच पाठ केलं होतं म्हणा. १३ एप्रिल २०१४ ला तो नॉर्वेच्या स्ट्रॉम्सगोडसेट क्लबाकडून बदली खेळाडू म्हणून उतरला तेव्हा १५ वर्षं ११७ दिवस. नॉर्वेच्या वरच्या लीगमध्ये तोवर इतका लहान कुणी खेळला नव्हता. महिनाभरानं पहिला गोल, १५ वर्षं १५० दिवस. ऑगस्टमध्ये यूएईविरुद्ध देशाकडून पहिला सामना, १५ वर्षं २५३ दिवस. ऑक्टोबरमध्ये बल्गेरियाविरुद्ध युरोची पात्रता फेरी, १५ वर्षं ३०० दिवस. तान्ह्या बाळाचेही दिवस इतक्या नेमानं कुणी मोजत नाही! आणि त्याच मोसमात त्यानं लीगमध्ये पाच गोल केले होते, ते मात्र मला परवा पुन्हा शोधावे लागले.

त्याच्या लहानपणातली एक गोष्ट मला या सगळ्या आकड्यांपेक्षा आवडते. ऑस्लोजवळच्या द्रामेनमध्ये हे कुटुंब राहायचं. वडील हान्स एरिक स्वतः स्ट्रॉम्सगोडसेटचे मिडफिल्डर. मार्टिन सहा-सात वर्षांचा होता तेव्हा द्रामेन स्ट्राँग या छोट्या क्लबचं मैदान खडीचं होतं. ती काढून कृत्रिम गवत घालायचं ठरलं, तेव्हा या आईबापांनी ५०,००० क्रोनर दिले. पुढे बापलेकांनी तासन्‌तास सराव केला. बापाचा भर चकवे शिकवण्यापेक्षा पहिला टच नीट घेण्यावर आणि बॉल यायच्या आधी आजूबाजूला बघून ठेवण्यावर होता. हे शेवटचं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

सोळाव्या वाढदिवसाचं एवढं काय, असं तू तेव्हा विचारलं होतंस आणि उत्तर ऐकायच्या आत विषय बदलला होतास. आता पत्रात सापडला आहेस तर ऐक. फिफाच्या नियमानं, काही अपवाद सोडले तर, अठराच्या आतल्या खेळाडूला एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही. त्यातला एक अपवाद म्हणजे युरोपियन संघ आणि युरोपियन आर्थिक क्षेत्र. त्याच्या हद्दीत सोळा पूर्ण झाली की चालतं, मात्र शिक्षणाची आणि राहण्याची सोय नव्या क्लबानं करायची. नॉर्वे युरोपियन संघात नाही, पण आर्थिक क्षेत्रात आहे. १७ डिसेंबर २०१४ ला पोराला सोळा पूर्ण झाली आणि २२ जानेवारी २०१५ ला तो माद्रिदमध्ये पत्रकारांसमोर बसला होता. त्याआधी बापलेक बायर्न, लिव्हरपूल, आर्सेनल असे क्लब बघून आले होते. एरवी पोरं ट्रायल द्यायला जातात, इथे क्लबच ट्रायल देत होते.

माद्रिदमध्ये ठरलं ते असं: सराव मोठ्या संघाबरोबर आणि सामने ब संघाकडून, म्हणजे कास्टियाकडून. कागदावर किती झकास वाटतं! सकाळी रोनाल्डो आणि मॉड्रिचबरोबर पासिंग आणि सामन्याला कोच म्हणून झिदान. मी तेव्हा तुला हेच ऐकवत होतो. आता जरा कास्टियातल्या एखाद्या वीस वर्षांच्या पोराच्या बाजूनं बघ. तो संघ तेव्हा तिसऱ्या पायरीवर, सेगुंदा बीमध्ये होता आणि वर चढायला धडपडत होता. आठवडाभर ही पोरं एकत्र घाम गाळणार आणि सामन्याच्या दिवशी एक सोळा वर्षांचा येणार, जो आठवडाभर यांच्यात नव्हता, ज्याचा फोटो रोज पेपरात, आणि ज्याच्यासाठी यांच्यातलाच कुणीतरी बेंचवर बसणार. अशा पोराला मनापासून पास कोण देईल? मी तरी दिला नसता. वरच्या संघात पाहुणा आणि खालच्या संघात उपरा, असं ते दुखणं होतं. ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे, पण ती वाढत्या वयाच्या खेळाडूचा विचार करून केलेली नव्हती असं माझं आता ठाम मत झालं आहे.

२३ मे २०१५ ची रात्र मात्र कोण विसरेल! गेताफेविरुद्ध ७-३, रोनाल्डो हॅटट्रिक करून ५८ व्या मिनिटाला बाहेर आला आणि त्याच्या जागी हा आत गेला. १६ वर्षं १५७ दिवस, क्लबाच्या इतिहासातला सगळ्यात लहान. मी तुला नुसतं "बघ!" एवढंच पाठवलं होतं. दोन दिवसांनी क्लबानं कोच आन्चेलोत्तींना नारळ दिला. या पोराला मी मागितलंच नव्हतं, ती प्रसिद्धीसाठी केलेली खरेदी होती, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं. मोठ्या संघाकडून त्याचा दुसरा सामना कधी झाला, माहीत आहे? नोव्हेंबर २०१६ मध्ये. स्पॅनिश कपातल्या एका दुबळ्या संघाविरुद्ध, दीड वर्षानं.

त्यामुळे तू हसलास त्यात तुझी फार चूक नव्हती. तू तेव्हा फ्रेडी अडूचं नाव घेतलंस आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदाव्या वर्षी, २००४ मध्ये, तो अमेरिकेच्या लीगमध्ये उतरला, त्याचीही अशीच हवा झाली आणि पुढे बिचारा देशोदेशीचे क्लब फिरत राहिला. दोघांत फरक नेमका कशानं पडला, याचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण थोडंसं हाती लागलंय आणि ते मला माद्रिदमध्ये न सापडता हीरेनवीनमध्ये, म्हणजे तो लोनवर गेला त्या डच क्लबाच्या गावात, सापडलं.

तुझा फोन ठेवल्यावर मला हे गाव नकाशात शोधावं लागलं होतं. हॉलंडच्या उत्तरेला फ्रीसलंड, त्यांची भाषाही वेगळी. घरच्या सामन्याआधी तिथे फ्रीसलंडचं गीत वाजतं. जर्सीवर लाल बदाम दिसतात, पण ते बदाम नव्हेतच. ती पाणकमळाची पानं आहेत, त्यांच्या झेंड्यावरची. अशा ठिकाणी हा दीड वर्ष राहिला. जादूबिदू काही झाली नाही, लीगमधले गोल तर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण रोजचा सराव ज्यांच्याबरोबर, सामनाही त्यांच्याचबरोबर. मोठ्या बाप्यांचे धक्के खायचे, बॉल घालवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरायचं. आणि त्याच्या वयाचे दिवस मोजणारा आता कुणी उरला नव्हता.

पुढच्या मोसमात, २०१८-१९ ला, आर्नेमचा व्हिटेसे. हा क्लब म्हणजे उसन्या पोरांचं वसतिगृहच. इंग्लंडचा चेल्सी क्लब आपली पोरं तिथे पाठवायचा, आदल्याच मोसमात मेसन माऊंट तिथे खेळून गेला होता. ओडेगार्डनं लीगमध्ये ८ गोल केले आणि ११ करून दिले. परवा बघत होतो ते सामने याच मोसमातले. सहज एक खेळ केला. टीव्हीचा आवाज बंद केला आणि ठरवलं की बॉलकडे बघायचंच नाही, फक्त याच्या डोक्याकडे बघायचं.

बॉल मागे सेंटर बॅककडे, म्हणजे बचावातल्या मधल्या खेळाडूकडे आहे. याची मान डावीकडे. लगेच उजवीकडे, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. सेंटर बॅकनं पाय मागे नेला, तेवढ्यात आणखी एकदा मागे वळून बघितलं. बॉल निघाला, अर्ध्या वाटेत आहे आणि याची मान पुन्हा वळली! मग कुठे नजर बॉलवर. तोवर अंग अर्धं वळलेलं, डावा पाय मोकळा, आणि मागून धावत आलेला माणूस जिथे बॉल असेल म्हणून आला तिथे बॉल नाहीच. पास गेला पण. पहिल्या दहा मिनिटांत मी मोजायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. याला स्कॅनिंग म्हणतात. नॉर्वेचेच गायर योर्डेट नावाचे प्राध्यापक बॉल यायच्या आधीचं हे मान वळवणं वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. जे जास्त वेळा बघून घेतात त्यांचे पास जास्त लागतात, असं त्यांना आढळलं.

आता सांग, आपण पाहिलेल्या क्लिपांची सुरुवात कुठून व्हायची? बॉल त्याच्या पायाशी आल्यावर! त्याआधीची ती चार सेकंदं कापून टाकलेली. म्हणजे बापानं पोराला जे शिकवलं होतं, नेमकं तेवढंच आपल्याला कधी दिसलं नाही. तू ज्याला "नुसती हवा" म्हणत होतास आणि मी ज्याला "जादू" म्हणत होतो, ते दोन्ही त्या क्लिपांतलंच होतं.

पुढचं तुला माहीत आहे, भराभर सांगतो. २०१९-२० ला स्पेनच्याच रिआल सोसिएदाद क्लबाकडे पुन्हा लोन. ६ फेब्रुवारी २०२० ला कपाच्या उपांत्यपूर्व फेरीत सोसिएदादनं माद्रिदला त्यांच्याच बर्नाबेऊ मैदानावर ४-३ नं हरवलं आणि पहिला गोल याचा. उसना दिलेला माणूस घरी येऊन गोल मारून गेला! त्या उन्हाळ्यात माद्रिदनं त्याला परत बोलावून घेतलं, तेव्हा मी तुला पेढे मागितले होते, आठवतं? पैज जिंकलो असं वाटलं होतं. पण पुन्हा बेंच. सगळे मिळून माद्रिदच्या मोठ्या संघाकडून त्याचे सामने किती भरले? ११. जानेवारी २०२१ ला तो स्वतःहून बाहेर पडला, आर्सेनलकडे, आधी लोनवर आणि ऑगस्टमध्ये कायमचा. मार्च २०२१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, नॉर्वेचा कॅप्टन. जुलै २०२२ मध्ये आर्सेनलचा.

माझी चूक कुठे झाली, तर मी लोन म्हणजे प्रतीक्षालय समजत होतो. गाडी माद्रिदचीच येणार आणि हा त्यात चढणार, तोवर बसेल कुठेतरी बाकावर. तू समजत होतास की ते शेवटचं स्टेशन आहे. तो मात्र तिथे दर आठवड्याला फुटबॉल खेळत होता, आणि आपल्या दोघांनाही ते बघायचं सुचलं नाही.

आता तुझी चार पानं. फोन चालणार नाही. आणि लिहायच्या आधी त्याचा एक सामना लाव, आवाज बंद कर, दहा मिनिटं फक्त मान बघ आणि आकडा मला कळव. मला एकदाही धड मोजता आलेला नाही.

तुझाच,
देणं फेडलेला

ता. क. एक राहिलंच. १८ सप्टेंबर २०२२ ला आर्सेनलचा ब्रेंटफर्डशी सामना होता. ओडेगार्ड दुखापतीमुळे बाहेर, माणसं कमी पडत होती, म्हणून बेंचवर एका शाळकरी पोराला बसवलं आणि शेवटच्या मिनिटांत उतरवलंही. ईथन न्वानेरी. वय १५ वर्षं १८१ दिवस, प्रीमियर लीगमधला सगळ्यात लहान. बघ, मीही लगेच दिवस मोजायला लागलो.