नेटवर्क कार्डाची कसोटी पॅकेटांवर घ्यावी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या इंदूर शहरातल्या संस्था आता सेकंदाला 10 व 25 गिगाबिट वेगाची नेटवर्क कार्डे, म्हणजे सर्व्हरला नेटवर्कशी जोडणारी कार्डे, घेत आहेत. तरीही ऐन गर्दीच्या वेळी ऑनलाइन परीक्षा अडखळते, इंटरनेटवरून चाललेले बोलणे तुटते, आणि खरेदी समिती त्यावर आणखी महागडे कार्ड मागवते. तसे करण्यापूर्वी हाती असलेले कार्ड नीट लावले आहे का, हे तपासले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कार्ड ताब्यात घेताना बहुधा एखादी मोठी फाइल पाठवून वेग मोजतात. या चाचणीने फसगत होते. नेटवर्कवरून माहिती लहानमोठ्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जाते. 10 गिगाबिटच्या जोडणीवर 1500 बाइटची भरलेली पॅकेटे सेकंदाला सुमारे 8 लाख 12 हजार येतात. त्याच जोडणीवर सर्वांत लहान, म्हणजे 64 बाइटच्या, फ्रेम (जोडणीवर जाताना पॅकेटाला मिळणारे वेष्टणासहचे रूप) मात्र सेकंदाला 1 कोटी 48 लाखांहून अधिक येऊ शकतात, आणि मग प्रोसेसरच्या वाट्याला एकेका फ्रेमसाठी जेमतेम 67 नॅनोसेकंद उरतात. पॅकेट लहान असो वा मोठे, त्यामागचे काम जवळपास तेवढेच असते. आवाजाची आणि डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची) पॅकेटे तर लहानच असतात.

उपाय बहुतेक वेळा कार्डातच असतो. आलेली पॅकेटे अनेक रांगांत वाटून प्रत्येक रांगेचे इंटरप्ट (पॅकेट आल्याची प्रोसेसरला मिळणारी सूचना) प्रोसेसरच्या वेगळ्या कोअरकडे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाकडे, सोपवता येतात. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये हे कोअर, कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलेले आहे, त्याच प्रोसेसरचे असावेत. काही प्रचलित कार्डांत रिंग बफर, म्हणजे आलेली पॅकेटे प्रोसेसर उचलेपर्यंत थांबण्याची जागा, मुळात 512 नोंदींचा असतो आणि तो 4096 पर्यंत वाढवता येतो. पण तो सरसकट कमाल करणेही मला योग्य वाटत नाही, कारण फार मोठा बफर प्रोसेसरच्या कॅशेत (जवळच्या छोट्या, जलद स्मृतीत) मावत नाही आणि दाटी झाली की पॅकेटे त्यात ताटकळतात. म्हणून गळणाऱ्या, म्हणजे वाटेत टाकून दिल्या जाणाऱ्या, पॅकेटांचा आकडा पाहत तो टप्प्याटप्प्यानेच वाढवावा. सर्व्हरमध्ये कार्ड ज्यात बसते तो स्लॉटही पाहून घ्यावा: तिसऱ्या पिढीच्या आठ लेनच्या (माहितीच्या आठ मार्गिकांच्या) पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून सेकंदाला सुमारे 63 गिगाबिटच जातात, मग त्यात 100 गिगाबिटचे कार्ड बसवून काय उपयोग?

1999 च्या आरएफसी 2544 या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजामध्ये नेटवर्क उपकरणांच्या चाचणीसाठी 64 पासून 1518 बाइटपर्यंतचे फ्रेमचे आकार ठरवून दिलेले आहेत. संस्थांनी निविदेतच ते आधाराला घेऊन, प्रत्येक आकाराला सेकंदाला किती पॅकेटे न गळता गेली, याचा तक्ता पुरवठादाराकडून मागावा. तसेच लिनक्सवर इथटूलने (कार्डाची मूल्ये बदलण्याच्या आज्ञेने) केलेले बदल सर्व्हर पुन्हा सुरू होताच पुसले जातात. ते आपोआप लागू होण्याची सोय करून देणे आणि सर्व मूल्ये लेखी सोपवणे, ही अटही त्यात असावी.

आपला नम्र,
एक नेटवर्क व्यवस्थापक,
रामबाग, इंदूर