आधी भरतीची वेळ बघ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या सहलीचा बेत वाचला. तीन कुटुंबं, सहा मोठी माणसं, पाच पोरं, तीन गाड्या. राहायची जागा ठरली, निघायची वेळ ठरली, कोण काय आणणार तेही ठरलं. भरती-ओहोटी मात्र कुणी पाहिलेली दिसत नाही. समुद्रावर जाताना बेत उलटा आखायचा असतो. आधी पाणी, मग रस्ता, मग गाडी. मीही त्याच क्रमाने लिहिते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून आजची सकाळची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. ‘रोज सकाळी आठला पाण्यात’ हे तुमचं वेळापत्रक पहिल्या दिवशी बरोबर असलं तरी तिसऱ्या दिवशी चुकलेलं असेल. भरती-ओहोटीच्या वेळांचं कोष्टक बघशील ते त्या किनाऱ्याच्या सगळ्यांत जवळच्या बंदराचं बघ. लांबच्या बंदराच्या वेळा चालत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. पाणी वरही जास्त येतं आणि खालीही जास्त जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. तारखा अजून हातात असतील तर पोरांसाठी भांगाचे दिवस घे.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से धर. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोनच तासांत येतं. पहिला तासभर पाणी जागचं हललं नाही असं वाटतं, माणसं निर्धास्त होतात, चटया-पिशव्या तिथेच पसरतात. एकूण चढ तीन मीटरचा असेल तर त्या मधल्या दोन तासांत पाणी दीड मीटर वर येतं, आणि किनारा पन्नास मीटरला एक मीटर इतका सपाट असला तर पाण्याची कड ७५ मीटर आत सरकते. ओहोटीला खडकांवर खेकडे बघायला गेलात तर हा हिशेब डोक्यात ठेव. पाणी समोरून येताना दिसतं, पण खडकाच्या मागची सखल वाळू आधी भरते आणि परतीची वाट तुटते.

गाडी वाळूत न्यायची नाही. ‘सगळे नेतात’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. वरून वाळू टणक दिसते, खाली ओली आणि भुसभुशीत असते. चाक रुतलं की माणूस पहिली चूक करतो ती ॲक्सिलरेटर दाबायची. चाक फिरतं, स्वतःचाच खड्डा खणतं, आणि गाडी पोटावर बसते. रुतलीच तर लगेच पाय काढायचा, ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांच्यापुढची वाळू हाताने काढायची, टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवायची आणि ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच हळू रिव्हर्स घ्यायची. चाकाखाली पायपुसणी घातलीत तर त्या रेषेत कुणी उभं राहू नये, ती गोळीसारखी उडतात. हवा पुन्हा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेग घ्यायचा नाही. आणि हे सगळं चालू असताना भरती थांबत नाही, म्हणून पहिलं वाक्यच खरं.

आता पाण्याची ओढ. लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात ते कुठून तरी परत जायला हवं. ते अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात आत जातं, त्याला रिप करंट म्हणतात. फसवणूक अशी की हाच पट्टा सगळ्यांत शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, मधे फुटत नाहीत, पाणी जरा गडद असतं, फेस किंवा कचरा समुद्राच्या दिशेने जाताना दिसतो. ‘इथे लाटा नाहीत, पोरांना इथे सोडू’ असं वाटतं ती नेमकी चुकीची जागा. उतरण्याआधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून नुसतं बघ. थोड्या उंच जागेवरून पट्टा स्पष्ट दिसतो. जीवरक्षक असेल तिथेच उतरा आणि कुठे उतरू नये ते त्यालाच विचार.

ओढीत सापडलेला माणूस बुडतो तो बहुधा दमून. ती खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध पोहायचं नाही. उताणं तरंगायचं, हात वर करून खूण करायची, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जायचं. ओढ सुटली की तिरकं बाहेर यायचं. आणि कुणी बुडताना दिसलं म्हणून मागोमाग उडी घ्यायची नाही, त्यात दोघंही जातात. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन त्याच्याकडे फेकायचा, तो धरून माणूस तरंगतो. असे दोन कॅन दोरी बांधून चटईजवळ ठेव.

मित्रमंडळींबरोबर जाताना खरा धोका वेगळाच असतो. सहा मोठी माणसं किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. पोर बुडताना ओरडत नाही, हातही हलवत नाही; तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे कललेलं, शिडी चढल्यासारखी जागच्या जागी धडपड, आणि काही सेकंदांत खाली. गप्पा मारणाऱ्या माणसाला ते दिसतच नाही. म्हणून एक टोपी ठरव. ज्याच्या डोक्यावर टोपी तो पहाऱ्यावर. त्याच्या हातात फोन नाही, खाणं नाही, कुणाशी बोलताना मान वळवायची नाही. दर काही मिनिटांनी पोरं मोजायची: पाच. वीस मिनिटं झाली की दुसऱ्याला टोपी द्यायची, आणि देताना तोंडाने म्हणायचं, ‘आता तू.’ त्याने ‘घेतली’ म्हटल्याशिवाय पहिल्याने उठायचं नाही. हे ऐकायला शाळकरी वाटतं, मंडळी हसतील, हसू दे. लहान दोघांसाठी पहारेकरी पुरत नाही, त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यातच हवं, आणि पाणी पोरांच्या गुडघ्यापर्यंत. दंडात घालायची हवा भरलेली खेळणी म्हणजे जीवरक्षक जॅकेट नव्हे. हवेचा तराफा तर वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल तेव्हा बाहेर काढायचाच नाही.

रस्त्याचं. तीन गाड्यांनी एकामागोमाग जायचा हट्ट सोडा. पुढची गाडी जरा हळू झाली की मधली जास्त हळू होते, शेवटची जवळजवळ थांबते. मग अंतर भरून काढायला शेवटचीला सगळ्यांत जोरात पळावं लागतं. पुढचा ८० ने निवांत चाललेला असतो आणि मागचा ११० ने त्याला गाठत असतो. वर पिवळ्या दिव्यातून ‘आपले लोक पुढे गेले’ म्हणून घुसणं आलंच. त्यापेक्षा प्रत्येक गाडीत रस्ता माहीत असावा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला असावा, आणि दर दोन तासांवर भेटायची जागा नाव घेऊन ठरलेली असावी. तिथे पंधरा मिनिटं सगळे उतरतील. पुढे आलेला थांबेल, मागे पडलेल्याने घाई करायची नाही. फोन शेजारी बसलेल्याने करायचा. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंद मेसेज वाचला की १०० मीटर आंधळेपणाने गेलीस. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेव, पावसात त्याच्या दुप्पट.

पहाटे तीनला निघायचं म्हणता ते मला पटत नाही. दोन ते सहा ही झोपेची वेळ, आणि आदल्या रात्री सामान भरण्यात बारा वाजतात. सहानंतर निघा. ड्रायव्हरला पेंग आली तर काच उघडणं, गाणी लावणं याने काही होत नाही. कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं झोपायचं. कॉफी अंगात भिनायला तेवढाच वेळ लागतो.

घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये ही चढण चढली असतीस त्याच गिअरमध्ये उतर. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून गिअर खाली घे. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि भरलेली गाडी थांबेनाशी होते. जळका वास आला तर बाजूला घेऊन थंड होऊ दे, चाकांवर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकडी होते. पोरांना गाडी लागते कारण डोळे पुस्तक-फोनवर स्थिर असतात आणि कानाच्या आतला तोल ‘आपण हलतोय’ सांगत असतो. घाटात स्क्रीन बंद, नजर लांब समोर, खिडकी थोडी उघडी. डॉक्टरांनी दिलेली गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी द्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. त्या गोळीने झोप येते, चालवणाऱ्याने घ्यायची नाही.

गाडी आठवडाभर आधी दाखव, आदल्या दिवशी नव्हे, म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. टायरची हवा गाडी थंड असताना, आणि भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो तोच. रिकाम्या गाडीचा आकडा कमी असतो आणि माणसं नेमका तोच भरतात. मग टायर बगलेतून वाकत राहतो, तापतो, फुटतो. स्टेपनीत हवा आहे का ते बघ; डिकी सामानाने भरल्यावर कुणी बघत नाही. पाना आणि जॅक कुठे आहे ते माहीत असू दे. चाक बदलताना नट जॅक लावण्याआधी अर्धा फेरा सैल करायचे, नाहीतर उचललेलं चाकच फिरत राहतं. जड सामान खाली आणि मागच्या सीटला टेकवून; पाठीमागच्या काचेशी सुटं काही नको. डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळच्या छोट्या चकतीवर आकडा वाढवला की झोत खाली येतो.

पैशांचं थोडक्यात: पेट्रोल ज्याच्या त्याच्या गाडीचं, बाकीचं माणशी, आणि हिशेब रोज रात्री. चौथ्या दिवशी बसलात तर भांडाल.

परतीच्या दिवशी जो चालवणार त्याने सकाळी पाण्यात उतरायचं नाही. ऊन आणि लाटा माणसाला किती दमवतात ते दोन तासांनी स्टिअरिंगवर कळतं. पहिल्या ब्रेकला खरखर ऐकू आली तर घाबरू नकोस, खाऱ्या हवेने डिस्कवर गंज धरलेला असतो, चार-पाच वेळा ब्रेक मारला की जातो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने गाडी खालून धुऊन घे. वरून चकचकीत करून उपयोग नाही, मीठ खाली बसतं.

किल्ली खिशात ठेवून पाण्यात जाऊ नका, रिमोटची किल्ली खाऱ्या पाण्याने मरते. प्रत्येक गाडीची दुसरी किल्ली दुसऱ्याच्या गाडीत ठेवा.

आणि टोपी लाल घे. वाळूत पडली तरी लांबून दिसते.

तुझी,
आई