पट्ट्यावर वस्तऱ्याची पाठ पुढे असते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी वस्तऱ्यानं दाढी करणाऱ्या तरुण मंडळींवरचा लेख वाचला. त्यातला उत्साह आवडला. पण सोबतचं छायाचित्र बघून मी चहाचा कप खाली ठेवला. एक देखणा तरुण चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवतोय आणि वस्तऱ्याची धार पुढे, पाठ (म्हणजे धारेसमोरची जाड कड) मागे! फोटोग्राफरनं आणखी चार हात मारायला लावले असते तर पट्ट्याच्या चकत्या पडल्या असत्या. दगडावर धार लावताना धार पुढे, मग पट्ट्यावर ती परजताना पाठ पुढे, ही या विद्येची बाराखडी आहे. तीच उलटी छापून आली, म्हणून हे पत्र.

मी काही न्हावी नाही. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं टूल अँड कटर ग्राइंडरवर काढली. ड्रिल, रीमर, मिलिंग कटर यांना धार लावणं हीच रोजीरोटी. त्यामुळे निवृत्तीनंतर सासऱ्यांच्या ट्रंकेत एक जुना वस्तरा सापडला, तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या डाव्या हाताचं काम. पात्याच्या मुळाशी ‘सोलिंगेन’ असं कोरलेलं होतं. जर्मनीतल्या या गावाच्या नावाला तिथे १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. दुसरीकडे बनवलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. इंग्लंडातलं शेफील्ड आणि हे सोलिंगेन, वस्तऱ्यांची ही दोन माहेरघरं. सासरे ठाण्याच्या बाजारपेठेत एका पेढीवर कारकून होते. त्यांच्याकडे जर्मन वस्तरा कुठून आला, हे माझ्या बायकोलाही सांगता येत नाही.

तर मी काय केलं? घरात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड होता, सुऱ्यांसाठीचा. त्यावर टूलरूमच्या सवयीनं, चांगला दाब देऊन, वस्तरा घासला. अंगठ्यावर आडवा फिरवून बघितला, कागद चिरून बघितला. कागद लोण्यासारखा कापला गेला. मग साबण लावून गालावर ठेवला आणि डोळ्यांतून पाणी आलं. वस्तरा केस कापत नव्हता, मुळापासून ओढत होता. तरी जिद्दीनं अर्धा गाल उरकला. बाहेर आलो तर बायको म्हणाली, “अहो, बाथरूममध्ये मांजर शिरलं होतं का?”

कागद कापणं ही वस्तऱ्याची परीक्षा नव्हेच. आमच्या भाषेत सांगायचं तर मी धारेवर नुसती ‘बर’ उभी केली होती. बर म्हणजे घासताना कडेला वळून राहणारी धातूची बारीक झालर. ती कागद फाडते, तशी कातडीही फाडते.

खोपटला एसटी स्टँडच्या बाजूला एका सलूनमध्ये मी पंचवीस वर्षं केस कापायला जातो. तिथले मामा आता सत्तरीच्या पुढे आहेत. मुलगा खुर्ची सांभाळतो, मामा बाकावर बसून पेपर वाचतात. त्यांना वस्तरा दाखवला. त्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, थोडा कलता केला आणि लगेच परत दिला. म्हणाले, “भाऊ, धार दिसतेय.” मला वाटलं कौतुक करतायत. ते म्हणाले, “धार दिसली म्हणजे बोथट. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही.”

३४ वर्षं धारेवर पोट भरलेल्या माणसाला हे वाक्य बाकावर बसलेल्या न्हाव्याकडून ऐकावं लागलं. पण अगदी बरोबर आहे ते. जिथे धार मोडलेली किंवा चपटी असते तिथे तेवढा सपाट भाग उजेड परत फेकतो आणि पांढरी रेघ दिसते. त्यानंतर दर मंगळवारी दुपारी, म्हणजे गिऱ्हाईक नसताना, मी मामांकडे जाऊ लागलो. मामा बापाच्या हाताखाली शिकले. वर्षभर त्यांना गिऱ्हाइकाच्या गालाला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त पट्टा. पूर्वी त्यांच्या आरशाशेजारी खिळ्याला तो पट्टा लटकलेला असायचा, माझ्या वयाच्या वाचकांना आठवेल. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली, गिऱ्हाईकं डोळ्यांदेखत नवं पातं लावायला सांगू लागली आणि दगड-पट्टा धोकटीत गेला. तेव्हापासून सलूनमध्ये दिसतो तो वस्तरा म्हणजे नुसती मूठ. ब्लेड वेष्टनाच्या कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं आत सरकवायचं. हे योग्यच झालं, कारण एकाचं रक्त दुसऱ्याला लागून कावीळ ‘ब’सुद्धा पसरते. घरीही हाच नियम: वस्तरा बापलेकांत, भावाभावांत वाटून घ्यायचा नाही.

मामांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट मला स्वतःला कळायला हवी होती. वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवायचा, धार आणि पाठ दोन्ही टेकलेली. कोन आपण धरायचाच नाही! पाठ जेवढी जाड असेल त्यावर कोन आपोआप ठरतो. घरी येऊन मी व्हर्नियर, म्हणजे आमची बारीक मापं घेणारी पट्टी, लावला: पातं १६ मिलिमीटर रुंद, पाठ ४.८ मिलिमीटर जाड. हिशेब केला तर धारेचा कोन सुमारे १७ अंश निघतो. आम्ही कारखान्यात कोन धरायला फिक्स्चर बनवायचो. इथे वस्तरा स्वतःचं फिक्स्चर पाठीवर घेऊन जन्माला आलाय. ज्यानं कोणी हे पहिल्यांदा केलं त्याला माझा सलाम.

आता जे तरुण सुरुवात करणार आहेत त्यांच्यासाठी, कारण लेखात हा भाग दोन ओळींत उरकलाय. दगडांचे क्रमांक असतात, नंबर मोठा तेवढा दगड बारीक. १००० नंबरवर धारेच्या दोन्ही बाजू एकमेकींना भेटवायच्या, ४००० आणि ८००० वर त्या घासून गुळगुळीत करायच्या, १२००० वर शेवटचा हात. टूलरूममध्ये आम्ही ‘पॉइंट झिरो वन’ साधलं की छाती फुगवायचो, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, दहा मायक्रॉन. ८००० च्या दगडाचे कण एक ते तीन मायक्रॉनच्या घरातले असतात. तिथे दाबाचा प्रश्नच येत नाही. पात्याचं स्वतःचं वजन पुरे, हात फक्त दिशा द्यायला. पातं दगडाला सगळीकडे टेकतंय का हे कळायला धारेवर मार्कर पेनची रेघ ओढा आणि दोन हात मारा. जिथली शाई राहिली तिथे दगड पोचलेलाच नाही. कारखान्यात दोन पृष्ठभाग नीट टेकतात का हे आम्ही निळा रंग लावून बघायचो, तसंच हे. दंडावरचे केस कातडीला न टेकता वरच्या वर तुटायला लागले की समजायचं जमतंय.

आणि आवाज. मामा डोळे मिटून माझं काम तपासायचे. १००० वर खरखर, ८००० वर रेशमी साडीसारखा, आणि १२००० वर पातं पाण्याला धरून दगडाला जरासं चिकटतं. मला हे ऐकू यायला दोन महिने लागले. त्यातही डावा कान थोडा गेलाय, ग्राइंडरची कृपा.

पट्ट्याचं तर सांगितलंच. दाढीआधी प्रत्येक वेळी वीस-तीस हात कापडाच्या बाजूवर, चाळीस-पन्नास चामड्यावर. पट्टा ताणलेला, पाठ पुढे, आणि टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून उलटायचा. धारेवरून उलटलात की सगळी मेहनत मातीत. नवशिका पहिला पट्टा कापतोच. मीही कापला. म्हणून महागडा घेऊ नका. सवय होईपर्यंत वर्तमानपत्राची लांब घडी टेबलाच्या कडेला चिमट्यानं अडकवून तिच्यावर सराव करा, ती खरोखर चालते. माझ्याकडे आपल्याच पेपरची असते. अग्रलेखाचं पान जरा जास्त कापलं जातं, त्याचा राग मानू नये.

प्रत्यक्ष दाढीबद्दल लेखात बरंच आहे, त्यात थोडी भर. पहिला आठवडाभर फक्त दोन गाल. मिशी, हनुवटी, गळा नेहमीच्या रेझरनं. आंघोळीनंतर करा, केस मऊ झालेले असतात. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा. पातं जवळजवळ आडवं ठेवून तीसेक अंशांपर्यंत उचला, त्याहून उभं केलंत की खरवडणं सुरू. केसांचा कल बोटांनी आधी चाचपा, गळ्यावर तो भलतीकडेच वळलेला असतो. महिनाभर उलटा हात मारूच नका. वस्तरा धारेच्या लांबीच्या दिशेनं सरकला की तो सुरी होतो. हातातून निसटला तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. लादीवर आपटून पातं मोडेल, पण बोटं राहतील. सकाळची फास्ट लोकल गाठायची असेल त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा छंद सोडून द्या. आमच्या सोसायटीतल्या एका मित्राला मी स्वतः परावृत्त केलंय. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी जिथे झोंबेल तिथे तुमचा हात चुकला, ती खोटं बोलत नाही.

लेखातलं ‘आठवड्याभरात हात बसतो आणि ब्लेडचा खर्च कायमचा वाचतो’ हे वाक्य मात्र मला मान्य नाही. दगड, पट्टा, ब्रश, साबण यांत जे जातं त्यात कित्येक वर्षांची ब्लेडं येतील. पैसे वाचवायला कोणी वस्तरा घेऊ नये. आणि आठवड्याभरात हात बसला असं वाटलं तर पातं कोणीतरी आधीच उत्तम लावून दिलेलं असतं. खरी अडचण हीच आहे. घोडबंदर रोडला राहणारा माझ्या मित्राचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो मागच्या महिन्यात ऑनलाइन मागवलेला चकचकीत वस्तरा घेऊन आला. “काका, माझा हातच खराब आहे.” दोन्ही गाल लाल, गळ्यावर पुरळ. मी वस्तरा उजेडाखाली धरला तर पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत! दगडावर ठेवला तर पातं पीळ पडलेलं, मध्यभागी टेकतच नव्हतं. वस्तऱ्याच्या आकाराचं पेपरकटर होतं ते. पोरगा तीन आठवडे स्वतःला दोष देत होता. मी त्याला माझा लावलेला वस्तरा दिला. पहिल्याच हाताला त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला मामा आठवले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की शिकायला सुरुवात वस्तऱ्यापासून नव्हे, धारेपासून करा, किंवा धार लावून देणारा माणूस आधी शोधा. पण तो शोधायचा कुठे? सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा सायकलवाला आमच्या गल्लीत येतो, त्याला वस्तरा चुकूनही देऊ नका. त्याचं चाक पात्याच्या कडेला तापवून निळं करेल आणि पोलादाचं पाणी जाईल. सुपरमॅक्सची ब्लेडं ज्या ठाण्यात बनली, त्या शहरात वस्तऱ्याला धार लावून देणारं एक दुकान मला सापडलेलं नाही. याचं मूळ फार जुनं आहे. अमेरिकेत किंग जिलेटचे १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, जेमतेम ५१ रेझर खपले होते. पण वापरून फेकायचं पातं एकदा आलं आणि धार लावणाऱ्याची गरज संपली. ज्यांना दगडाच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी सलूनसारखा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते पातळ, ताठ पातं चुकीला माफी देत नाही आणि जड पात्याचं सुख त्यात नाही, हे धरून चाला.

आणखी एक, खास इथल्या हवेचं. जुने वस्तरे कार्बन स्टीलचे असतात, आणि आपला पावसाळा त्यांचा वैरी. जुलैत मी एकदा वस्तरा चामड्याच्या म्यानात ठेवला. चामडं ओल धरतं हे विसरलो. चार दिवसांत धारेवर तांबूस ठिपके. आता पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवून, लोखंडी कपाटात उघडाच ठेवतो. बाथरूममध्ये कधीच नाही.

मामांनी गेल्या दिवाळीत त्यांचा जुना पट्टा मला दिला. मधोमध काळाभोर, गुळगुळीत झालेला, आणि खालच्या टोकाला एक चीर. ती त्यांनी पहिल्या वर्षी पाडलेली, बापाची कानफटात खाऊन. तो आता आमच्या गॅलरीत खिळ्याला लटकतोय. आपल्या छायाचित्रकाराला पुन्हा फोटो काढायचा असेल तर खुशाल यावं, पट्टा मी धरीन. फक्त पाठ पुढे असलेला फोटो छापा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टूल ग्राइंडर
पाचपाखाडी, ठाणे (प.)