इंग्लंड पाहायचं तर एकाच गावात राहा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतला दहा दिवसांत इंग्लंड फिरवणारा लेख वाचला. आम्ही दोघं पहिल्यांदा तसेच गेलो होतो. रोज पहाटे बॅगा भरायच्या, बसमध्ये बसायचं, फोटोपुरतं उतरायचं. घरी आल्यावर कुठलं गाव कोणतं, ते फोटोंच्या तारखांवरून लावावं लागलं.

म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला लेकीकडे गेलो, तेव्हा आठवडाभर चर्च स्ट्रेटन या एकाच गावात राहिलो. श्रूजबरीला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन. गाव निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: दाराबाहेर पडून पायी डोंगराला लागता आलं पाहिजे.

तयारी म्हणजे मुख्यतः नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा 217 क्रमांकाचा घेतला. त्यात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर भरतो. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सगळ्यांना पायी जायचा कायद्याने हक्क असलेल्या वाटा. वेळेचा हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने 1892 मध्ये घालून दिलाय. आजच्या मापात, तासाला पाच किलोमीटर आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं जादा. तो धडधाकट माणसाचा. माझं वय 67, ह्यांचं 71, म्हणून आम्ही दीडपट धरला. कार्डिंग मिल खोऱ्यातून पोल बँकच्या माथ्यावर जायला सव्वादोन तास निघाले, लागले अडीच. माथा 516 मीटरच, पण गावातून चढ आमच्या अजिंक्यताऱ्याएवढाच आहे. वर सगळा लाँग मिंड डोंगर हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांनी जांभळा झालेला. कासला बहर असतो तेव्हा जसं पाऊल जपून टाकतो, तसंच तिथे टाकलं. वाटेवर काळी रानफळं होती. दशम्यांबरोबर ती खाल्ली आणि दोघांच्या जिभा जांभळं खाल्ल्यासारख्या झाल्या.

मला सगळ्यात आवडली ती वाटेवरच्या कुंपणांतली फाटकं. अर्धगोल कठड्यात झुलणारं लाकडी दार. माणूस आत शिरून कोपऱ्यात उभा राहतो, दार पलीकडे ढकलतो आणि बाहेर पडतो. मेंढरांना ते जमत नाही. वाट उभ्या शेतातून गेलेली असते. शेतकऱ्याने ती नांगरली तरी ठरावीक मुदतीत पुन्हा मोकळी करून द्यावी लागते, पेरणीच्या वेळी 14 दिवसांत. पाणंदीच्या वादापायी तहसील कचेरीत खेटे घालणारे माझे भाऊ आहेत. ती वाट चालताना मला त्यांची फार आठवण आली.

एक चूक सांगते. रविवारी स्टोकसे किल्ल्याला जायचं म्हणून आम्ही थांब्यावर तासभर उभे राहिलो. त्या दिवशी बसच नव्हती. खेड्यापाड्यांतल्या बसचं रविवारचं वेळापत्रक खोली ठरवण्याआधीच पाहावं. आणि घोट्यापर्यंतचे बूट इथूनच महिनाभर वापरून न्यावेत. दवात भिजलेल्या गवतात साधे बूट पहिल्याच तासात ओले होतात.

आपल्या पुरवणीत एखाद्या वेळी एकच गाव घ्या, त्याचा नकाशा छापा आणि साठीपुढच्या माणसांना झेपतील अशा चार वाटा चढ-उतार व वेळेसकट द्या. माझी वही आणि खुणा केलेला नकाशा पाठवायला मी तयार आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा