हौसेचा नंबर आणि त्याचे मालक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोटारींना हवा तसा नंबर लिलावात विकत घेण्याच्या प्रथेवर टीका करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. पत्रलेखकाने हा सारा प्रकार ‘पैशाचा माज’ म्हणून निकालात काढला आहे. लिलावांच्या बातम्या तेवढ्या वाचल्या तर असे मत होणे साहजिक आहे. दुबईत एप्रिल २०२३ मध्ये ‘पी ७’ हा नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला आणि त्याआधी दोनच महिने हाँगकाँगमध्ये नुसत्या ‘आर’ या एका अक्षरासाठी कोणी तरी अडीच कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक रक्कम मोजली. परंतु दुबईचा तो लिलाव गरजूंना अन्न पुरवण्याच्या मोहिमेसाठी भरवलेला होता, हेही त्याच बातमीत होते. श्रीमंतांनी आपणहून, चढाओढीने भरलेला हा एक प्रकारचा कर आहे, आणि असा कर चुकवण्यासाठी कोणी सल्लागार नेमल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

शिवाय हे कोट्यधीश म्हणजे हौशी नंबरांचे सगळे मालक नव्हेत. ब्रिटनमध्ये वाहन नोंदणीचे सरकारी खाते १९८९ पासून असे नंबर विकत आहे आणि त्यांच्या किमती काही शे पौंडांपासून सुरू होतात. ते घेणाऱ्यांत स्वतःची आद्याक्षरे हवी असलेले असतात, धंद्याचे नाव गाडीवर आयते झळकावे म्हणून घेणारे असतात, तसेच वडिलांच्या जुन्या गाडीचा नंबर गाडी भंगारात गेल्यावरही राखून ठेवणारे आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर तोच चढवणारेही असतात. या शेवटच्या मालकांना नंबराची किंमत विचारली तर ते बाजारभाव सांगत नाहीत, तो नंबर कोणाचा होता ते सांगतात. उलट काही मालक आपल्याच नंबरामुळे जरा ओशाळलेले असतात आणि कोणी विचारण्याआधीच ‘वाढदिवसाला भेट मिळाला’ असा खुलासा करून मोकळे होतात. माज म्हणावा तर तो असा ओशाळत नाही.

आणखी एक हेतू कमी बोलला जातो, तो गाडीचे वय झाकण्याचा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून नंबरातच नोंदणीचा काळ दाखवणारी खूण येऊ लागली, त्यामुळे गाडी किती जुनी आहे हे शेजाऱ्यालाही प्लेट पाहून कळते. ज्यांना ते नको असते ते खूण नसलेला जुन्या धाटणीचा किंवा उत्तर आयर्लंडचा नंबर घेतात, कारण तेथील नंबरांत वर्ष दिसत नाही. तेथील कायद्याने यात घातलेली मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते: नवी गाडी जुनी भासवण्यास हरकत नाही, पण जुनी गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसेल असा नंबर तिला लावता येत नाही. म्हणजे वय लपवण्याची मुभा आहे, खोटे सांगण्याची नाही.

मालक ज्याला ‘माझा नंबर’ म्हणतात तो खरोखर त्यांचा असतो का, हा प्रश्न मात्र त्यांना सहसा आवडत नाही. ब्रिटनमध्ये पैसे भरून मिळतो तो नंबर गाडीवर लावण्याचा हक्क, नंबराची मालकी नव्हे. अमेरिकेत हा वाद न्यायालयात गेला. इंडियाना राज्यातील एका पोलीस अधिकाऱ्याने डुकराच्या आवाजाचे अक्षररूप आपल्या प्लेटवर घेतले होते. पोलिसांना डुक्कर म्हणून हिणवणाऱ्यांवर पोलिसानेच केलेला तो विनोद होता. वाहन खात्याने ती प्लेट रद्द केली आणि २०१५ मध्ये इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्लेटवरील मजकूर हे सरकारचे बोलणे आहे, गाडीमालकाचे नव्हे. मेरीलँड या दुसऱ्या राज्याच्या न्यायालयाने पुढच्याच वर्षी असभ्य शब्दाची प्लेट रद्द करणे ग्राह्य धरले, तरी शब्द मात्र मालकाचाच मानला. मला मेरीलँडचे मत अधिक पटते, कारण सरकार स्वतःच्याच पोलिसांची अशी थट्टा करील हे मानणे कठीण आहे.

मालकांचा जीव आपल्या नंबरात किती गुंततो, याचे लॉस एंजेलिसमधले १९७९ चे उदाहरण सांगण्यासारखे आहे. एका गृहस्थाने नौकानयनाच्या आवडीनुसार दोन शब्द मागितले आणि ते न मिळाल्यास साधाच नंबर चालेल या अर्थाने तिसऱ्या रकान्यात ‘नो प्लेट’ असे लिहिले. खात्याने त्याला ‘नो प्लेट’ हीच प्लेट पाठवून दिली. झाले असे की, प्लेट नसलेली गाडी चुकीच्या जागी उभी दिसली की पोलीस पावतीवर नंबराच्या जागी हेच दोन शब्द लिहीत. संगणकाने त्या साऱ्या पावत्या या एकाच माणसाच्या नावावर जमा केल्या आणि त्याच्या घरी दंडाच्या हजारो नोटिसा येऊन पडल्या. नंबर बदलून घ्या, असे खात्याने सुचवले. पण तोवर त्याला ती प्लेट आवडू लागली होती, म्हणून त्याने उत्तराचा छापील मजकूर तयार केला आणि प्रत्येक नोटिशीला तो पाठवण्याचा मार्ग पत्करला.

माझी खरी तक्रार आहे ती नंबर घेतल्यानंतर प्लेटशी खेळ करणाऱ्यांबद्दल. घेतलेला नंबर हव्या त्या नावासारखा वाचला जावा म्हणून अक्षरांमधले अंतर कमी-जास्त करायचे, ‘५’चा आकार इंग्रजी ‘एस’कडे झुकवायचा, दोन सुट्या रेघांचा ‘एच’ दिसावा म्हणून नेमका त्यांच्यामध्ये काळ्या टोपीचा स्क्रू बसवायचा, ही कारागिरी जवळून पाहिली तर हसू येते. परंतु धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर क्षणभरात वाचू पाहणाऱ्या साक्षीदाराला आणि कॅमेऱ्याला ती फसवते. वास्तविक सहज लक्षात राहणारा नंबर तपासाच्या सोयीचा असतो. त्याचा मालक स्वतःहून ओळखू येण्याची तयारी दाखवत असतो, आणि याच कारणासाठी मी या हौसेच्या बाजूचा आहे. प्लेटवरची अक्षरे मोडून तोडून ती सोय घालवणाऱ्याला मात्र हौशी म्हणता येत नाही. अशा प्लेटसाठी ब्रिटनमध्ये हजार पौंडांपर्यंत दंड आहे आणि नंबरच काढून घेण्याची तरतूदही आहे. माझ्या मते यातली दुसरी शिक्षाच प्रथम वापरावी, कारण नंबरासाठी एवढे पैसे मोजणाऱ्याला दंडाची रक्कम फारशी जाणवत नाही. तीच जबाबदारी प्लेट तयार करून देणाऱ्या दुकानदारावरही टाकावी. काळ्या टोपीचा स्क्रू कोठे बसवायचा हे पुष्कळदा तोच गिऱ्हाइकाला सुचवतो.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक